हँडलवरचा साक्षीदार

आमच्या पेणमध्ये डोळ्यांना फार मान आहे. माणसांच्या नव्हे, गणपतीच्या. मातीचा गोळा साच्यातून निघतो, वाळतो, रंगतो. पण डोळ्यांची आखणी होईपर्यंत त्याला कुणी हात जोडत नाही. मग कारखान्यातला सगळ्यात जाणता माणूस कुंचला घेऊन श्वास रोखून बसतो, चार बारीक रेघा ओढतो आणि इतका वेळ नुसतीच मूर्ती असलेली ती वस्तू एकदम आपल्याकडे पाहायला लागते. डावीकडे सरका, पाहते. उजवीकडे सरका, पाहते. लहानपणी अशा एका कारखान्यातून मी रंगाची छोटी डबी खिशात घातली होती. दारापर्यंत गेलो आणि फळीवरचे पन्नाससाठ गणपती एकाच वेळी आपल्याकडे बघताहेत असं वाटून ती मुकाट्याने जागेवर ठेवली. चोरी न करण्याचं श्रेय मी पुढे आयुष्यभर माझ्या संस्कारांना देत आलो. खरं श्रेय आखणी करणाऱ्याचं होतं.

गेल्या वर्षी माझ्या सायकललाही असाच एक डोळा बसला.

मी भूमितीचा मास्तर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल घरात मतभेद होते, पण घरात बसू नये याबद्दल एकमत होतं. म्हणून मी सायकल घेतली. गिअरची, हँडल बोकडाच्या शिंगांसारखं वळलेलं. महिन्यातून एकदा पेणहून रोह्याला थोरल्या बहिणीकडे जायचं, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परतायचं. वडखळ, नागोठणं आणि तिथून भिसे खिंडीतून रोहा. सगळं मिळून चाळीसेक किलोमीटर. यातला पहिला टप्पा मुंबई-गोवा महामार्गाचा. या रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी मी ज्यांना त्रिकोण शिकवत होतो, त्यांची मुलं आता शाळेत जाऊ लागली आहेत. त्यामुळे या रस्त्यावरून सायकल हाकणाऱ्या माणसाबद्दल घरच्यांना काळजी वाटणं साहजिक होतं.

चिरंजीव इंग्लंडात असतात. त्यांची काळजी नेहमी पार्सलाने येते. २०२४ च्या फेब्रुवारीत नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर पहाटे सायकल चालवताना इंटेल कंपनीच्या भारतातल्या शाखेचे माजी प्रमुख अवतार सैनी टॅक्सीच्या धडकेने गेले. ती बातमी वाचल्यावर चिरंजीवांनी काड्याच्या पेटीएवढा एक कॅमेरा धाडून दिला आणि वर फोनवर व्याख्यान दिलं. म्हणे तिकडे वेल्समधल्या पोलिसांनी 'ऑपरेशन स्नॅप' नावाची सोय केली आहे. सायकलवाल्यानेसुद्धा आपलं चित्रण पाठवावं, पोलीस ते पाहून कारवाई करतात. म्हणे तिकडच्या नियमावलीत २०२२ पासून लिहूनच ठेवलंय, सायकलला मागे टाकताना मोटारीने निदान दीड मीटर अंतर सोडावं.

"इथे दीड मीटर सोडायचं तर एस.टी. शेतातून न्यावी लागेल," मी म्हटलं.

"म्हणूनच कॅमेरा लावा. उद्या काही झालं तर पुरावा हवा."

उद्या काही झालं तर, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी देवापुढे साखर ठेवली आणि मी हँडलवर कॅमेरा लावला.

आता या कॅमेऱ्यावर आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर जी चर्चा झाली ती विधानसभेत व्हायला हवी होती. एक म्हणाले, "मास्तर, म्हणजे आता तुम्ही बिनपगारी हवालदार." दुसरे म्हणाले, "रस्त्यावर माणूस नाक खाजवतो, लुंगी सावरतो. तुमच्या पेटीत ते कशाला?" भाच्याला फोनवर विचारलं. तो रोह्याला वकिली करतो. तो म्हणाला, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलंय, तेव्हा चित्रण करा पण चारचौघांत वाटत सुटू नका. सगळ्यात शेवटी सौभाग्यवतींनी विचारलं, "त्यात पुढचा रस्ता दिसतो. चालवणारा दिसतो का?"

"नाही."

"मग काय उपयोग?" असं म्हणून त्या आत गेल्या. बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं मी कट्ट्यावर म्हणालो. हे वाक्य मी इथे लिहून ठेवतो आहे, कारण पुढे ते माझ्याविरुद्ध वापरलं गेलं.

आमच्या लहानपणी सायकलवर नजर ठेवणारं यंत्र नव्हतं. माणसं होती. रात्री दिवा नाही म्हणून हवालदार चाकातली हवा सोडायचा, डबलसीट दिसलं की खाली उतरवायचा. त्याच्या तावडीतून सुटलो तरी वडिलांचे मित्र असत. दोन्ही हात सोडून सायकल चालवून मी घरी पोचायच्या आधी ती बातमी घरी पोचलेली असे. फरक एवढाच, की वडिलांच्या मित्रांशी हुज्जत घालता येत असे. "मी नव्हतोच तो," असं म्हणायची सोय होती. माणूस साक्षीदार असला की खोटं बोलायला थोडी जागा राहते. मला वाटतं, मोठं होईपर्यंत आपण त्याच जागेत राहायला शिकतो.

कॅमेऱ्याची पहिली करामत अशी, की तो लावल्या दिवसापासून मी चांगला वागायला लागलो. चौकात थांबू लागलो. वळताना हात दाखवू लागलो. एका म्हातारीला वाट दिली तेव्हा तर मी तिच्याकडे न पाहता कॅमेऱ्याकडेच पाहिलं. दुसरी करामत अशी, की मला रस्ता दिसेनासा झाला आणि दृश्य दिसायला लागलं. खाडीवरचे बगळे आले की मी सायकलचं तोंड तिकडे करी. साक्षीदार म्हणून ठेवलेल्या माणसाने हळूहळू दिग्दर्शक व्हावं, तसं काहीसं झालं.

माघातली गोष्ट. ताईचा निरोप आला, "रविवारी पोपटी लावतोय, ये." ज्यांना पोपटी माहीत नाही त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ, वर पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. थंडीच्या दिवसांत हा वास ज्याच्या नाकात गेला तो रायगड जिल्हा सोडून कायमचा कुठे जाऊ शकत नाही. मी शनिवारी सकाळीच निघालो. कॅमेऱ्याची बॅटरी अख्खा प्रवास पुरत नाही म्हणून तो नागोठण्याला चहा घेतल्यावर चालू केला.

भिसे खिंड चढलो. उतार लागला. आणि त्या उतारावर मी पडलो.

कसा पडलो? दवाखान्यात डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला. मनगट सुजून आंबाडीच्या भाजीच्या जुडीएवढं झालं होतं. ज्या मिनिडोरवाल्या पोराने मला उचलून गाडीत घातलं, सायकल टपावर बांधली, गाडीतल्या प्रवाशांना "जरा थांबा" म्हणत आधी मला दवाखान्यात आणलं, तो बाहेर गाडी लावायला गेला होता. मी म्हणालो, "मिनिडोरने उडवलं."

हे मी खोटं बोललो का? देवाशपथ नाही. मागून हॉर्न आला, उजव्या बाजूने गाडी सणसणत गेली, मी खाली होतो. या तीन बिंदूंतून मी एक सरळ रेषा काढली. तीन बिंदूंतून एक सरळ रेषा जाईलच असं नाही, हे मी पिढ्यान् पिढ्या मुलांना शिकवलेलं आहे. पण फळ्यावरचा बिंदू वेगळा आणि दुखणारं मनगट वेगळं. ताईच्या घरी पोचेपर्यंत गाडीने मला 'कट मारला' होता. दुपारी शेजारी समाचाराला आले तेव्हा पोराच्या कानाला मोबाइल होता. दिवेलागणीला तो थोडा प्यायलेलाही होता. गोष्ट सांगताना माझं मनगट दुखायचं थांबत असे, म्हणून मी ती वारंवार सांगत होतो.

भाचा वही घेऊन बसला. "मामा, उद्या पोलिसांत तक्रार देऊ. कॅमेरा आहे ना?" कॅमेऱ्याचं नाव निघताच त्याच्या अंगात कोर्ट संचारलं. त्याने सांगितलं, नुसतं चित्रण असून भागत नाही. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून एक खटला झाला होता. उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रणावरून ठरवायचं होतं. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं, की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नाही तर चित्रणाच्या प्रतीबरोबर रीतसर प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही कलम ६३ मध्ये ती अट आहेच. "तेव्हा मामा, पेटी जपून ठेवा. काही पुसू नका."

मला एकदम त्या पोराचा चेहरा आठवला. "अरे, पण त्याने मला दवाखान्यात आणलं. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये असा काही कायदा आहे ना?"

"आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेलं कलम १३४-अ. पण ते वाटेवरच्या मदत करणाऱ्याला, मामा. ज्याने पाडलं त्याला नव्हे."

म्हणजे बघा. त्या मुलाला एका कलमातून उचलून दुसऱ्या कलमात ठेवायला माझं एक वाक्य पुरलं होतं. बरं, त्याला शोधायचीही गरज नव्हती. "काका, काय लागलं तर फोन करा," असं म्हणत त्यानेच आपला नंबर चिठ्ठीवर लिहून माझ्या खिशात घातला होता. भाच्याने त्याच नंबरावर त्याला सकाळी बोलावून घेतलं.

रात्री झोप येईना. प्लास्टरमधला हात उशीवर आणि दुसऱ्या हातात मोबाइल, असा मी कॅमेऱ्यातलं चित्रण पाहायला बसलो. म्हटलं, गुन्हेगार डोळ्यांखालून घालावा.

प्रथम कळलं ते हे, की कॅमेऱ्याला कानही असतात. नागोठण्यापासून खिंडीपर्यंत मी एकटाच बडबडत होतो. चढावर मी म्हणालो होतो, "भाऊजी पोपटीत मीठ घालायला विसरतात आणि नोकरीतल्या गोष्टी सांगायला मात्र विसरत नाहीत." हे वाक्य इतकं स्वच्छ ऐकू येत होतं की मी दचकून पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. भाऊजी घोरत होते.

मग उतार आला. रस्त्याच्या उजव्या अंगाला एक काटेसावर लालभडक फुलली होती. मागून हॉर्न ऐकू आला. एकदा. मग दोनदा. "वा!" असा माझा आवाज आला आणि सायकलचं तोंड सावरीकडे वळलं. मी रस्त्याच्या मध्यावर गेलो. हात दाखवला नाही. मागे पाहिलं नाही. सावर मात्र चौकटीत अगदी मधोमध आली. तिसरा हॉर्न लांबच लांब झाला, मिनिडोर माझ्याही उजवीकडून पार कडेच्या मातीत उतरून पुढे गेली. अशा भिंगात वस्तू असते त्याहून लांब दिसते, हे चिरंजीवांनी सांगितलं होतं. ती सूट मी मनातल्या मनात गाडीविरुद्ध देऊन पाहिली. तरी स्पर्श झालेला नव्हता. गाडी निघून गेल्यावर मी घाबरून ब्रेक दाबला, बारीक खडीवर चाक सरकलं आणि आभाळ दिसायला लागलं. मग पळत येणाऱ्या चपलांचा आवाज. "काका! लागलं काय? हात बगू."

मी ते पाच वेळा पाहिलं. निदान एखादा खड्डा तरी असावा अशी आशा होती. ज्या मुलखात खड्ड्यांना तोटा नाही, तिथे नेमक्या त्या शंभर फुटांत मेला एक खड्डा नव्हता.

मोबाइलवर एक बटण असतं. ते दाबलं की यंत्र विचारतं, पुसायचं का? होय की नाही? भूमितीच्या पेपरात मी मुलांना याहून जास्त पर्याय देत असे. मी अंगठा बराच वेळ तसाच धरून बसलो. पुसलं तर काय? बॅटरी संपली म्हणायचं. तक्रार देऊ नका, जाऊ द्या गरिबाला, असं वर औदार्य दाखवायचं. म्हणजे त्याची तक्रारही टळली, माझी अब्रूही राहिली. हिशेब अगदी तंतोतंत जमत होता. त्या माणसाला मी क्षमा करणार होतो, आणि ती कशाबद्दल, हे फक्त मला ठाऊक असणार होतं.

अशा वेळी काय वाट्टेल ते आठवतं. मला गागोदं आठवलं. आमच्या पेण तालुक्यातलं गाव. १८९५ साली विनोबा तिथे जन्मले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती समोर बसून लिहून घेतली, म्हणून ती आज घराघरांत आहेत. बोलणारा एक आणि टिपून घेणारा दुसरा. मी दिवसभर बोलणाराही मीच आणि टिपून घेणाराही मीच असा कारभार केला होता, आणि प्रत्येक प्रतीत थोडी भर घातली होती. त्या पोराची बाजू टिपून घेणारं या जगात एकच होतं. ते माझ्या सायकलवर होतं, माझ्या मुलाने पाठवलेलं होतं आणि त्याचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.

मी 'नाही' दाबलं. मोठं धैर्य दाखवलं असं समजू नका. फळीवरच्या गणपतींची आठवण होती, इतकंच.

सकाळी तो पोरगा आला. पायरीवरच उभा राहिला. हातात घडी घातलेल्या नोटा, दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या. कालच्या भाड्याचे पैसे असावेत. "दोन हजार हायत. बाकीचे देतो हळूहळू. तक्रार नको, काका. गाडीचा हप्ता हाय."

"अरे, पण तुझी गाडी लागली का मला?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मला तर लागल्यासारखं वाटलं नाय. रातभर तोच विचार करत व्हतो. पण तुमी मास्तर मानूस. तुमी बोलता म्हंजे लागली असंल."

आयुष्यात मुलांनी मला पुष्कळ उद्धट उत्तरं दिली. पण या नम्र उत्तरासारखं एकही लागलं नाही. माझ्या शब्दापुढे त्याने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून दिला होता. माझा सदरा स्वच्छ होता, मला शुद्ध बोलता येत होतं, भाचा वकील होता. एवढ्या भांडवलावर मी त्याला त्याच्याच रस्त्यावर गुन्हेगार करून टाकलं होतं.

मी म्हटलं, "आत ये. टीव्हीसमोर बस."

पूर्वी रविवारी सकाळी 'रामायण' पाहायला ज्या घरी माणसं जमत, त्याच घरी त्या रविवारी माझा अपघात पाहायला जमली. शेजारपाजार, ताई, भाचा, पेणहून एस.टी.ने आलेल्या सौभाग्यवती आणि पुढच्या खुर्चीत भाऊजी. फक्त अपघाताचा तुकडा लावावा असा माझा बेत होता. पण एका हाताला प्लास्टर असलेल्या माणसाला यंत्र हवं तिथे थांबवता येत नाही. मिठाचं वाक्य सगळ्या खोलीने ऐकलं. त्यानंतरचा अपघात मला त्या मानाने सौम्य वाटला.

चित्रण संपलं. कुणी काही बोललं नाही. भाच्याने वही मिटली. मी त्या मुलाची माफी मागितली, चारचौघांत, कारण आरोपही चारचौघांत केला होता. त्याने नोटा खिशात घालून पहिल्यांदाच नीट पाठ टेकली आणि म्हणाला, "बगा, मी बोललो व्हतो आईला, लागली नाय म्हणून." मग सौभाग्यवती म्हणाल्या, "दिसला हो चालवणारा. मीच म्हणत होते, दिसत नाही म्हणून."

तर मग सायकलवाल्याने कॅमेरा लावावा की नाही? कट्ट्यावर मला अजून विचारतात. मी सांगतो, लावावा. रस्त्यावर सायकल हे सगळ्यात मऊ वाहन आहे, आणि जो गेला त्याला साक्ष देता येत नाही. पण लावताना समजून असावं, की आपण वकील नेमत नाही, साक्षीदार ठेवतो आहोत. वकील आपल्या बाजूने बोलतो. साक्षीदाराला बाजू नसते. ज्याला आपल्याविरुद्धची साक्ष जपून ठेवायची तयारी नाही, त्याने तो पैसा चांगल्या ब्रेकवर खर्च करावा. मी आता घरी पोचलो आणि वाटेत काही घडलं नसलं की सगळं पुसून टाकतो. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी माझ्या कपाटात का राहावं? काही घडलं असलं, तर पुसण्याचा अधिकार माझा नाही, कारण त्यात दुसऱ्या कुणाची तरी बाजू असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काटेसावर दिसली की मी सायकल थांबवतो, उतरतो आणि नुसत्या डोळ्यांनी पाहतो.

त्या दिवशी पोपटीला तो मिनिडोरवाला आमच्याबरोबर जेवला. मडकं फोडलं, सगळ्यांना शेंगा वाढल्या. माझ्या वाट्याच्या शेंगांवर भाऊजींनी स्वतःच्या हाताने मीठ घातलं, पुन्हा घातलं आणि विचारलं, "आता बरोबर आहे का?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर." कॅमेरा बंद होता.

हल्ली खिंडीत कधी कधी मागून ओळखीचा हॉर्न येतो. मी डावीकडे होतो, मागे पाहतो, हात दाखवतो. मिनिडोर शेजारून जाताना हळू होते आणि आतून आवाज येतो, "काका, चालू हाय ना?"

"आहे रे."

"मंग ऱ्हाऊ द्या चालू," तो म्हणतो आणि पुढे जातो.